माणिक कसं घडतं, कसं ओळखतात आणि अंगठीबाहेर काय काम करतं

प्रश्न थोडक्यात असा: आजीची १९३५ च्या सुमारास घडवलेली सोन्याची अंगठी आहे, तीत लाल खडा. सराफ म्हणतात बर्माचं माणिक आहे. भावाने अतिनील टॉर्चखाली धरलं तर खडा लालबुंद उजळला, म्हणून तोही म्हणतो अस्सल. शेजारच्या काकांनी तर दुधात टाकून ‘खात्री’ करून दिली. याच निमित्ताने माणिक म्हणजे नेमकं काय, ते जमिनीत कसं तयार होतं, महाराष्ट्रात सापडतं का आणि दागिन्यांखेरीज त्याचा उपयोग काय, हेही तुम्ही विचारलं आहे.

अंगठीपासून सुरू करतो. खडा हातात न घेता निकाल देणं आमच्या धंद्यात बसत नाही, पण १९३५ हे साल वाचून माझा पहिला संशय कृत्रिम माणकावर गेला. जुना दागिना म्हणजे अस्सल खडा, असं लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. ऑग्युस्त व्हेर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत माणिक वाढवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड घ्यायची, तीत किंचित क्रोमियम घालायचं आणि ती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वालेतून खाली झिरपू द्यायची. पूड वितळते, खाली फिरणाऱ्या दांडीवर साठत जाते आणि काही तासांत बाटलीच्या आकाराचा लाल स्फटिक उभा राहतो. १९०७ पर्यंत या पद्धतीचं वार्षिक उत्पादन १००० किलोच्या घरात गेलं होतं. हा माल जगभर पसरला, आपल्याकडेही आला. त्या काळातल्या नथी, कुड्या, चिंचपेट्या, अंगठ्या यांत हे खडे भिंगाखाली नेहमी दिसतात. विकणाऱ्याने फसवलंच असेल असं नाही. बऱ्याचदा सोनारालाच ठाऊक नसे.

भावाच्या टॉर्चने एक गोष्ट मात्र चांगली केली. काच आणि गार्नेट (माणकासारखं दिसणारं स्वस्त लाल रत्न) या दोन शक्यता तिने जवळजवळ बाद केल्या, कारण त्या अशा उजळत नाहीत. पण बर्माचं माणिक उजळतं, लाल स्पिनेल हे वेगळंच रत्न उजळतं आणि कृत्रिम माणिक तर सगळ्यांत जोरात उजळतं. म्हणजे भावाने जी खूण अस्सलपणाची मानली, ती कृत्रिम खड्यात जास्त ठळक असते. दुधाच्या परीक्षेला मी परीक्षाच मानत नाही. पांढऱ्या दुधात कुठलाही गडद लाल पारदर्शक खडा टाकला की आसपासचं दूध गुलाबी भासतं. बांगडीच्या काचेचा तुकडा टाकून पाहा, तोही ‘पास’ होईल.

आता माणिक म्हणजे काय ते पाहू, कारण वरचा सगळा गोंधळ तिथूनच सुटतो.

माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची दोन रूपं. खनिजाचं नाव कुरुविंद. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे त्याच्या रांगड्या भावंडाला कुरुंद म्हणतात. घटक दोनच, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. कुरुविंद शुद्ध असेल तर बिनरंगी असतं. त्यात लोह आणि टायटॅनियम मिळून शिरलं की नीलम होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या शंभरातल्या जेमतेम एखाद्या अणूची जागा क्रोमियमने घेतली की माणिक. क्रोमियमचा अणू अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जरा मोठा, त्यामुळे ऑक्सिजनच्या घेऱ्यात तो दाटीवाटीने बसतो, आणि या दाटीमुळे तो प्रकाशातला जांभळा आणि पिवळा-हिरवा भाग शोषून घेतो. उरतो लाल, थोड्या निळ्या झाकेसह. गंमत अशी की पाचूचा हिरवा रंगही बहुतेक वेळा याच क्रोमियमचा. तिथे ऑक्सिजनचा घेरा थोडा सैल असतो, म्हणून शोषणाचे पट्टे सरकतात आणि हिरवा उरतो.

माणकाची खरी जादू पुढे आहे. शोषलेली ऊर्जा क्रोमियम नुसती उष्णता म्हणून सोडून देत नाही, तिचा बराच भाग तो लाल प्रकाश म्हणून परत बाहेर टाकतो, तोही जवळपास एकाच तरंगलांबीचा, सुमारे ६९४ नॅनोमीटर. उन्हातल्या अतिनील आणि हिरव्या किरणांनीही हे घडतं. म्हणून चांगलं बर्मी माणिक उन्हात नुसतं लाल दिसत नाही, आतून उजेड येतोय असं वाटतं. हा उजेड मारणारा एकच मोठा शत्रू आहे: लोह. खड्यात लोह जास्त असेल तर रंग गडद, तपकिरी झाकेचा होतो आणि उजळणं मंदावतं. थायलंडच्या माणकांचं जुनं दुखणं हेच.

काही आकडे सांगून ठेवतो, पुढे लागतील. मोज मापनश्रेणीवर काठिण्य ९, हिऱ्याखालोखाल. पण हिरा आणि माणिक यांच्यातली दरी या श्रेणीत दिसते त्यापेक्षा फार मोठी आहे. म्हणूनच माणकाला पैलू पाडायला हिऱ्याची पूड लागते. विशिष्ट गुरुत्व सुमारे ४. अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.७६२ ते १.७७०. वितळणबिंदू २०५० अंश सेल्सिअसच्या आसपास. हिऱ्यासारखं सहज चिरण्याचं प्रतल त्यात नाही, त्यामुळे रोजच्या वापराला हा खडा उत्तम. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झचं काठिण्य ७. रोज घातलेल्या अंगठीत काचेच्या पैलूंच्या कडा वर्षानुवर्षांत झिजून गोलसर होतात, माणकाच्या मात्र धारदार राहतात. तुमच्या अंगठीच्या कडा साध्या भिंगातून पाहा. नव्वद वर्षांनंतरही तीक्ष्ण असतील तर तो कुरुविंद असण्याचा संभव वाढला. नैसर्गिक की कृत्रिम, हे मात्र कडा सांगणार नाहीत.

रासायनिक घटक तेच, काठिण्य तेच, घनता तीच, चमक तीच. मग फरक कुठे राहतो? फक्त जन्मकथेत. नैसर्गिक माणिक कुठल्या खडकात, कशाच्या सोबतीने, किती काळ वाढलं याच्या खुणा त्याच्या पोटात असतात, आणि रत्नपारखी म्हणून आम्ही जे काही करतो ते या खुणा वाचणं आहे. म्हणून माणकाची घडण हा केवळ भूगोलाच्या आवडीचा विषय नाही.

पृथ्वीच्या कवचात अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे, ऑक्सिजन तर त्याहून भरपूर. मग माणिक इतकं दुर्मीळ का? कारण सिलिका. सिलिका जवळ असेल तर अ‍ॅल्युमिनियम तिच्याशी जुळून फेल्डस्पार किंवा अभ्रक बनतं, कुरुविंदासाठी काही उरतच नाही. म्हणजे जागा अशी हवी की जिथे अ‍ॅल्युमिनियम आहे पण मोकळी सिलिका नाही. वर क्रोमियम हवं, जे बहुधा वेगळ्याच जातीच्या खडकांत असतं. आणि लोह शक्यतो नको. इतक्या अटी एका जागी जुळणं म्हणजे योगायोगच.

तो उत्तम जुळला मोगोकला, म्यानमारच्या मंडाले प्रांतातल्या डोंगरी खोऱ्यात. भारतीय भूपट्ट आशियावर आदळला, त्याआधी मध्ये टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाशी चुनखडी साचलेली, मध्ये मध्ये चिकणमातीचे पापुद्रे. चुनखडीत सिलिका नसल्यातच जमा, लोहही अगदी कमी. टकरीत हे थर खोल दाबले गेले, ६००-७०० अंशांच्या आसपास तापले आणि चुनखडीचा संगमरवर झाला. मातीच्या पापुद्र्यांतलं अ‍ॅल्युमिनियम आणि त्याच मातीतलं थोडंसं क्रोमियम संगमरवरात माणिक होऊन बसलं. समुद्र आटताना मागे राहिलेल्या क्षारांनी अ‍ॅल्युमिनियम इकडून तिकडे नेण्यात मदत केली असावी, असं आता अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. अफगाणिस्तानातलं जगदलक, गिलगिट-बाल्टिस्तानातलं हुंझा, काश्मीरमधलं नांगीमाली, मोगोक, उत्तर व्हिएतनाममधलं लुक येन हे सगळे साठे याच टकरीच्या पट्ट्यात, संगमरवरात. ज्या घडामोडीने हिमालय उभा केला तिनेच ही माणकंही घडवली.

थायलंडचा चांताबुरी-त्रात भाग आणि त्याला लागून असलेलं कंबोडियातलं पैलिन इथली गोष्ट निराळी. तिथे माणिक खोलवर कुठेतरी आधीच तयार झालेलं होतं. ज्वालामुखीच्या लाव्ह्याने ते वर आणलं. लाव्हा म्हणजे इथे जन्मदाता नाही, नुसता वाहक. तिसरा प्रकार मोझांबिकच्या माँटेप्वेझचा. तो साठा २००९ मध्ये उजेडात आला आणि आज बाजारातल्या चांगल्या माणकांचा मोठा हिस्सा तिथला असतो. तिथलं माणिक अँफिबोलाइट या गडद खडकातलं, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या उलथापालथीत घडलेलं, लोह मध्यम. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५५.२२ कॅरटचं ‘एस्त्रेला द फुरा’ ३ कोटी ४८ लाख डॉलरला गेलं, ते मोझांबिकचंच. त्याआधी २०१५ मध्ये जिनिव्हात २५.५९ कॅरटचं बर्मी ‘सनराइज रूबी’ ३ कोटी डॉलरच्या वर गेलं होतं. दोन्ही आकडे जवळचे, पण वजनात दुपटीहून अधिक फरक आहे, हे लक्षात घ्या. बर्माच्या नावाला बाजार अजून किती मान देतो, ते यावरून कळतं.

बहुतेक माणिक मात्र मूळ खडकातून फोडून काढत नाहीत. खडक झिजून जातो, माणिक झिजत नाही आणि वजनदार असल्यामुळे ओढ्यांच्या तळाच्या रेताड-गोट्यांच्या थरात साचून राहतं. मोगोकला या थराला ब्योन म्हणतात, श्रीलंकेत रत्नपुरा भागात इल्लम. तो थर उपसायचा, धुवायचा, निवडायचा. शतकानुशतकं हेच चालत आलंय.

महाराष्ट्रात सापडतं का, याचं उत्तर खरं तर नाही असंच आहे, पण कारण समजून घेण्यासारखं आहे. ‘थायलंडमध्ये बेसाल्टात माणिक मिळतं, मग सह्याद्री तर सगळा बेसाल्टचाच’, असा युक्तिवाद करत लोक घाटात सापडलेले लाल दगड घेऊन येतात. थायलंडचा बेसाल्ट अल्कलीयुक्त जातीचा. तो फार खोलातून झपाट्याने वर येतो आणि वाटेतले स्फटिक न विरघळवता सोबत आणतो. दख्खनचा बहुतांश बेसाल्ट थोलिआइट जातीचा, त्यात सिलिका जास्त. त्याच्या तावडीत कुरुविंद टिकणं कठीण. आपल्या बेसाल्टाने आपल्याला झिओलाइट, अकीक, जास्पर दिलं, आणि त्यातलं झिओलाइट तर जगात पहिल्या प्रतीचं. घाटातला तो लाल दगड बहुधा जास्पर असतो. विदर्भात, जिथे दख्खनचा लाव्हा संपून फार जुने खडक उघडे पडतात, तिथे भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याच्या बाजूला सिलिमनाइट या खनिजाबरोबर कुरुविंद मिळतं; पण ते अपारदर्शक, उद्योगाच्या कामाचं. देशात रत्नाच्या दर्जाजवळ जाणारं माणिक म्हणाल तर ओडिशातलं काही, आणि कर्नाटकातलं तारांकित माणिक. कर्नाटकातलं बहुतेक माणिक अपारदर्शक असतं. घुमटाकार घासलं आणि एका दिव्याखाली धरलं की वर सहा किरणांचा तारा उमटतो.

पण मराठी माणसाचा माणकांशी एक खरा ऐतिहासिक धागा आहे, तो खाणीचा नसून रत्नागिरीचा. मोगोकच्या खाणी ज्याच्या मालकीच्या, तो बर्माचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये बांधून झालेला थिबा राजवाडा तिथे आजही आहे; राजा १९१६ मध्ये तिथेच वारला. मंडालेहून निघताना राजघराण्याचं ङामौक नावाचं प्रसिद्ध माणिक नाहीसं झालं. ते एका ब्रिटिश अधिकाऱ्याने सांभाळायला म्हणून घेतलं आणि परत दिलं नाही, असा आरोप राजा अखेरपर्यंत करत राहिला. त्या माणकाचा छडा लागला नाही. इकडे १८८९ मध्ये लंडनच्या बर्मा रूबी माइन्स कंपनीने मोगोकचा पट्टा घेतला. म्हणजे राजा कोकणात आणि त्याच्या खाणीचा माल लंडनच्या बाजारात. पर्यटक राजवाडा पाहून येतात, यातलं काही कोणी त्यांना सांगत नाही.

आता खडा ओळखण्याकडे वळतो.

पहिला प्रश्न: माणिक आहे की दुसरंच काही? लाल स्पिनेल, ज्याला आपल्याकडे लालडी म्हणत आले, त्याने राजेरजवाड्यांना फसवलं आहे. ब्रिटनच्या राजमुकुटाच्या दर्शनी भागी बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्स रूबी’ स्पिनेल आहे. मुघल बादशहांची नावं कोरलेला ‘तैमूर रूबी’, ३५० कॅरटहून मोठा, रणजितसिंहांच्या खजिन्यातून इंग्रजांकडे गेलेला, तोही स्पिनेल. दोन्ही खनिजं मोगोकला एकाच खडकात मिळतात, त्यामुळे गल्लत स्वाभाविक. पण वेगळं काढणं सोपं आहे. स्पिनेलचा अपवर्तनांक १.७१८ च्या आसपास आणि तो एकेरीच दिसतो; माणकाचे दोन आकडे मिळतात. द्विवर्णदर्शक नावाची छोटी नळी असते, तीतून पाहिलं तर माणकाचा लाल दोन झाकांत फुटतो, एक जांभळट, एक नारिंगी. स्पिनेल आणि गार्नेट एकच रंग दाखवतात. या कामाला जाणकाराला दोन मिनिटं लागतात.

दुसरा प्रश्न: नैसर्गिक की कृत्रिम? इथे दहा पटीचं भिंग किंवा सूक्ष्मदर्शक लागतो आणि डोळा तयार लागतो. व्हेर्नेयच्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, कारण स्फटिक गोल माथ्यावर थराथराने वाढलेला. क्वचित गोल बुडबुडेही दिसतात. नैसर्गिक माणकाच्या वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या. आत रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया ६० अंशांनी एकमेकींना छेदत पसरलेल्या, याला आम्ही रेशीम म्हणतो. संगमरवरातल्या माणकात कॅल्साइटचे कण सापडतात. डोळ्याला दोष दिसणारी ही घाण म्हणजे आमच्या दृष्टीने जन्मदाखला. ‘एकदम स्वच्छ, डाग नाही’ म्हणून कौतुकाने दाखवलेला मोठा, स्वस्त माणिक आला की आम्ही आधी वक्र रेषा शोधतो. फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रावात, महिनोन्‌महिने वाढवलेली कृत्रिम माणकं जास्त फसवी; त्यांतले धुरकट पडदे नैसर्गिक ‘बोटांच्या ठशां’सारखे दिसतात. तिथे प्रयोगशाळेतली वर्णपटाची उपकरणं लागतातच.

तिसरा प्रश्न ग्राहक विचारतच नाहीत, आणि आज तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: नैसर्गिक आहे, ठीक, पण पुढे त्यावर काय केलंय?

तापवणं ही जुनी आणि बाजाराने स्वीकारलेली गोष्ट. म्यानमारच्याच माँग शूचा माल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला तेव्हा त्याच्या गाभ्यात निळसर काळा डाग असे. १५०० अंशांच्या वर तापवल्यावर तो जातो आणि स्वच्छ लाल राहतो. तापवताना टाकणखारासारखे पदार्थ वापरले तर तडे काही प्रमाणात भरून सांधले जातात आणि तिथे काचेसारखा अवशेष मागे राहतो. अहवालात ‘तापवलेले’ आणि ‘तापवलेले, अवशेष अमुक प्रमाणात’ यांत फरक करतात, आणि किमतीतही तो पडतो. न तापवलेलं, चांगल्या रंगाचं माणिक त्याहून कितीतरी महाग.

मला खरी चीड आहे ती शिशाच्या काचेने भरलेल्या मालाची. साधारण २००४ पासून हा बाजारात आला. तडकलेलं, अपारदर्शक, जवळजवळ फुकटात जाणारं कुरुविंद घ्यायचं, आम्लाने आतली घाण काढायची आणि तड्यांत शिशाची काच ओतायची. या काचेचा अपवर्तनांक माणकाच्या जवळ असल्याने तडे गायब होतात आणि दगड पारदर्शक लाल दिसू लागतो. काही शेकड्यांत कॅरट मिळणारा हा माल ‘नैसर्गिक माणिक’ म्हणून विकला जातो, आणि विकणारा तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नाही, म्हणून तर तो सुटतो. ‘न्यू बर्मा’ वगैरे मोघम नावं अशाच मालाला चिकटतात. भिंगाखाली खडा तिरका करत पाहिला की तड्यांतून निळी झाक चमकते आणि चपटे बुडबुडे दिसतात. एकदा पाहिलं की विसरत नाही. अशा खड्याच्या अंगठीला सोनाराने टाका मारताना ज्योत लावली तर काच वितळते. आम्लात टाकली तर काच खाल्ली जाते. घरी दागिने चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात घासायची आपली सवयही या खड्याला मारक आहे, तडे पांढरट जाळी होऊन वर येतात. मग ग्राहक सोनाराशी भांडतो. सोनाराचा दोष नसतो.

म्हणून अहवाल घ्या, आणि अहवालात ‘नॅचरल’ हा शब्द पाहून थांबू नका, त्याखालची उपचारांची ओळ वाचा. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जयपूरला आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), यांसारख्या ठिकाणी शुल्क भरून खडा तपासता येतो. तुमची अंगठी मागून उघडी असेल तर खडा न काढताही बरंच कळतं. कोंदण बंद असेल तर ते उकलायला जुन्या घडणीचं काम येणारा कारागीरच शोधा. कृत्रिम निघाला तरी तो बदलू नका असं माझं मत. त्या काळच्या घडणीत त्या काळचा खडा शोभतो, आणि सोन्याची, हाताच्या कामाची किंमत कुठे जात नाही.

नवीन माणिक घेणार असाल तर दोन गोष्टी. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली सगळंच लाल छान दिसतं, खडा दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहा. आणि वजन कॅरटमध्येच घ्या. कॅरट म्हणजे जगभर २०० मिलिग्रॅम. रत्ती कुठे १२१ मिलिग्रॅमची, कुठे १८२ ची. दर एका रत्तीचा आणि वजन दुसऱ्या रत्तीचं, असाही व्यवहार होतो. सूर्याचं रत्न म्हणून अनामिकेत घालायचं असेल तर तो तुमच्या श्रद्धेचा भाग, त्यावर मी बोलत नाही. फक्त ‘पत्रिकेला चालेल असं स्वस्त माणिक’ मागितलं की तुमच्या हातात शिशाची काच पडण्याची शक्यता सर्वांत जास्त, एवढं सांगतो.

आता दागिन्यांबाहेरचे उपयोग. यातल्या बहुतेक ठिकाणी कृत्रिम माणिकच वापरतात आणि तेच योग्य. तिथे जन्मकथेची गरज नसते, एकसारखेपणाची असते.

सर्वांत मोठा मान लेसरचा. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात मालिबूच्या ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर चालवला, तो माणकाचा. बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी, दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा, भोवती मळसूत्रासारखा गुंडाळलेला फ्लॅशचा दिवा. दिव्याच्या झोताने क्रोमियम उत्तेजित झालं आणि ६९४.३ नॅनोमीटरचा लाल झोत बाहेर आला. तुमच्या भावाच्या टॉर्चखाली जी प्रक्रिया विस्कळीत घडली, तीच इथे शिस्तीत बांधली गेली. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून प्रकाश परत मिळवला, तोही कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून, माणकाच्या लेसरने. आज लेसरच्या बाजारात त्याची जागा इतरांनी घेतली आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे गोंदण काढायला मात्र तो अजून दिसतो.

प्रयोगशाळेतला एक सुंदर उपयोग फारसा कोणाला माहीत नसतो. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये एखादा पदार्थ चिरडून पृथ्वीच्या पोटातला दाब निर्माण करतात. तो दाब मोजायचा कसा? आत माणकाचा कण ठेवतात आणि त्यावर लेसर टाकतात. दाब वाढेल तशी त्या लाल प्रकाशाची तरंगलांबी ठरावीक प्रमाणात सरकते. १९७० च्या दशकापासून हीच पट्टी वापरात आहे.

पुणे-चाकणच्या वाहन कारखान्यांत गुणवत्ता विभागात काम केलेल्यांनी माणिक रोज पाहिलंय. सुट्या भागांची मापं घेणाऱ्या सीएमएम यंत्राच्या सुईच्या टोकाला असते ती लाल गोळी कृत्रिम माणकाची. अत्यंत गोल घासता येते, झिजत नाही. अपवाद अ‍ॅल्युमिनियमच्या भागांचा: त्यावर गोळी सतत घासत नेली की अ‍ॅल्युमिनियम तिला चिकटत जातं आणि माप बिघडतं, म्हणून तिथे सिलिकॉन नायट्राइडची गोळी लावतात.

आणि घड्याळं. फिरत्या आसाच्या टोकाला धातूच्या भोकात ठेवलं की घर्षणाने भोक मोठं होतं आणि वेळ चुकू लागते. माणकाला भोक पाडून त्यात आस बसवायची कल्पना निकोला फाशिओ द द्युइलिए आणि द बोफ्र बंधू यांनी लंडनमध्ये १७०४ ला पेटंट केली. तेव्हा नैसर्गिक माणिक वापरावं लागे, म्हणून ही चैन महागड्या घड्याळांपुरती राहिली. व्हेर्नेयनंतर ती प्रत्येक मनगटावर आली. एचएमटी जनताच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असे, ते हेच. जुनं घड्याळ घेऊन ‘यातली सतरा माणकं काढून द्या, किती येतील?’ असं विचारणारे अजून भेटतात. काहीही येत नाही. चालू असेल तर किल्ली द्या आणि वापरा.